पहिल्या जानेवारीची यादी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. सातवीनंतर शाळा सुटली, आणि त्यानंतर चार माणसांसमोर उभे राहण्याचा प्रसंग आला तो मंगळागौरीला, तोही फुगडीपुरता. दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणी लोणच्याविषयी बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासाविषयी. कार्यवाहबाईंनी मला विचारले तेव्हा त्यांना वाटले असेल, ही कुरडयांविषयी सांगेल. कारण माझ्या कुरडया पांढऱ्याशुभ्र होतात असा उगीचच लौकिक आहे. मी म्हटले, मला अणुबाँबविषयी बोलायचे आहे. त्या हसल्या. मी हसत नाही असे पाहून थांबल्या, आणि "पंधरा मिनिटे हं, त्यापुढे चहा गार होतो," एवढेच म्हणाल्या.

कुरडयांचा आणि या विषयाचा संबंध आहे, तो असा. ७ मे २०२५ चा दिवस तुम्हां सर्वांना आठवत असेल. त्याआधी पंधरा दिवस, २२ एप्रिलला, पहलगामला २६ माणसे गोळ्या घालून मारली. त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली. बायकांच्या डोळ्यांदेखत नवरे मारले. त्या बातम्या बघून घरात अन्न गोड लागत नव्हते. ७ मेच्या पहाटे आपल्या सैन्याने पाकिस्तानातल्या ठिकाणांवर हल्ले केले, आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची कवायत ठरलेली होती. त्या कवायतीच्या सरकारी यादीत मुंबई आणि उरण यांच्या जोडीला आपले तारापूर पहिल्या वर्गात होते. मी गच्चीवर कुरडया वाळत घालून नुकतीच बसले होते. भोंगा वाजला. कवायत आहे हे ठाऊक असूनही माझ्या हातातले ताट खाली पडले.

सासूबाई खालून ओरडल्या, "काचांना काळे कागद लावायचे का गं?" त्यांना १९७१ सालची आठवण. आणि माझी मुलगी, कॉलेजात जाते, ती जिन्यात उभी राहून म्हणाली, "आई, कागदांचं जाऊ दे. त्यांनी अणुकेंद्रावरच बाँब टाकला तर?"

भगिनींनो, आपण सगळ्या त्या केंद्राच्या सावलीत संसार केला आहे. १९६९ साली ते सुरू झाले, देशातले पहिले. माझा जन्म त्यानंतरचा. लग्न होऊन इकडे आले तेव्हा समुद्रावर गेले की ती चिमणी दिसायची, आणि मला ती गावातल्या देवळाच्या कळसासारखीच वाटे, म्हणजे आहे ती आहे. पुढे २००५ आणि २००६ साली आणखी दोन मोठ्या भट्ट्या सुरू झाल्या. कोणाच्या घरचा मुलगा तिथे ठेकेदाराकडे लागला, कोणाची जमीन गेली, कोणाला घर बदलावे लागले. पण तिच्यावर बाहेरून कोणी काही टाकील, हा विचार मी कधी केला नव्हता. मुलीला मी उत्तर दिले नाही. "जा, कुरडया उलट्या कर," म्हटले.

रात्री मात्र झोप येईना. मग मीच तिला उठवले.

अणुकेंद्र बाँबसारखे फुटत नाही, हे तिने मला प्रथम समजावून दिले. पण त्याच्या पोटात जे इंधन असते, आणि जळून झालेले इंधन पाण्याच्या टाक्यांत बुडवून ठेवलेले असते, ते उघडे पडले तर त्याचा विखार वाऱ्यावर जातो. १९८६ च्या २६ एप्रिलला चेर्नोबिलला अपघात झाला, तो कोणी बाँब टाकून नव्हे, आतल्या आत चुकीने. तरी केंद्राभोवतालच्या तीस किलोमीटरच्या टापूतून एक लाखाहून अधिक माणसांना घरेदारे सोडून जावे लागले. तीस किलोमीटर म्हणजे आपल्या हिशेबाने बोईसर आले, पालघर आले, डहाणू आले. म्हणजे आपले सगळे व्याही-विहिणी आल्या. आणि वारा कुठला हद्दीचा दगड पाहतो? तसेच त्यांच्या बाजूचे. कराचीच्या समुद्रकाठीही त्यांचे अणुवीज केंद्र आहे, आणि त्या शहरात आपल्याहून दाट वस्ती आहे.

मग तिने मोबाइलवर शोधता शोधता परराष्ट्र खात्याचे एक पत्रक काढले. इंग्रजीत होते, ती वाचीत गेली आणि मी अर्थ विचारीत गेले. त्या पत्रकात जे होते ते सांगण्यासाठीच मी आज उभी आहे, कारण आपल्या शेजारी इतके मोठे केंद्र असून आपल्यापैकी एकीलाही हे ठाऊक नव्हते. मी नंतर दहा जणींना विचारून पाहिले.

गोष्ट एवढीच आहे. दरवर्षी १ जानेवारीला भारत पाकिस्तानला एक यादी देतो आणि पाकिस्तान भारताला एक यादी देतो. दिल्लीत आणि इस्लामाबादेत, एकाच दिवशी. त्या यादीत आपापली अणुकेंद्रे कुठे आहेत ते लिहिलेले असते, अक्षांश-रेखांशासह. म्हणजे ज्याच्याशी वैर, त्याच्याच हातात आपल्या नाजूक जागांचा पत्ता द्यायचा! का, तर या जागांवर आम्ही हल्ला करणार नाही आणि तुम्हीही करू नका, असा दोघांत लेखी करार आहे. वीज करणारी केंद्रे, संशोधनाच्या भट्ट्या, युरेनियम शुद्ध करण्याचे कारखाने, इंधन ठेवण्याच्या जागा, हे सगळे त्यात येते. यादी छापली जात नाही, ती आपल्याला बघायला मिळणार नाही. पण अणुवीज केंद्र त्या करारात येतेच, एवढे आपल्याला पुरे.

हा करार कसा झाला ते ऐकण्यासारखे आहे. १९८१ च्या जूनमध्ये इस्राएलच्या विमानांनी इराकमध्ये बगदादजवळची एक अणुभट्टी बाँब टाकून उद्ध्वस्त केली. तिच्यात अजून इंधनही भरलेले नव्हते. एकाने केले म्हणजे दुसऱ्यालाही सुचते. पाकिस्तानला धास्ती पडली की भारत आपल्या काहुट्याच्या कारखान्यावर असेच काही करील. इकडे धास्ती की त्यांनी उलट तुर्भ्यावर केले तर? तुर्भे म्हणजे मुंबईच. मग १९८५ च्या डिसेंबरात जनरल झिया दिल्लीला आले असता त्यांच्यात आणि राजीव गांधींत तोंडी ठरले की एकमेकांच्या अणुकेंद्रांना हात लावायचा नाही. तोंडी ठरलेल्याचा कागद व्हायला तीन वर्षे लागली. मधल्या काळात सरहद्दीवर दोन्ही फौजा समोरासमोर आल्या, परत गेल्या. झियांचे विमान पडले आणि ते गेले. शेवटी ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादेत सह्या झाल्या. सह्या दोन्हीकडच्या परराष्ट्र सचिवांच्या. पण तिथे राजीव गांधी होते आणि बेनझीर भुट्टो होत्या. बेनझीरबाईंना पंतप्रधान होऊन महिनाही झाला नव्हता. वय पस्तीस. राजीव चव्वेचाळीस, म्हणजे आज माझे आहे तेवढेच. एकाची आई घराच्या अंगणात गोळ्यांनी मारलेली, दुसरीच्या वडिलांना फाशी दिलेली. त्या दोघांनी सरत्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी हे काम उरकले. करार अमलात आला २७ जानेवारी १९९१ ला, आणि पहिली यादी गेली १ जानेवारी १९९२ ला. तोवर राजीव गांधी हयात नव्हते आणि बेनझीर सत्तेवर नव्हत्या. पुढे २००७ साली त्याही मारल्या गेल्या. यादी मात्र चालू राहिली.

इथे मला आमच्या घरची गोष्ट सांगावी लागेल. सांगू की नको असा विचार मी चार दिवस केला. पण गावात कोणाला ठाऊक नाही असे तिच्यात काही नाही.

आमच्या आणि आमच्या चुलत घराच्या मध्ये एक विहीर आहे. तिच्यावर दोघांचा हक्क. बाजूच्या जमिनीच्या हद्दीचा दावा कोर्टात पडून आहे, त्याला बारा वर्षे होत आली. दोन घरांत बोलणे नाही. लग्नात अक्षता नाहीत, मयतात खांदा नाही. पण पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर टाकावी लागते, आणि टाकल्यावर तासभर पाणी उपसायचे नसते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. दावा लागला त्या वर्षी सासऱ्यांनी एकच गोष्ट सांगून ठेवली: "भांडायचे तेवढे भांडा. पण विहिरीत औषध टाकाल त्या दिवशी पलीकडे सांगायचे." सासरे गेले, पलीकडचे थोरलेही गेले. निरोप चालू आहे. एखादे पोर कुंपणाशी जाऊन ओरडते, "आज औषध टाकलंय!" आणि पलीकडून कोणीतरी म्हणते, "बरं." एवढेच. त्यात "कसे आहात" नाही, "या बसायला" नाही.

मैत्री आहे म्हणून हा निरोप जात नाही. मैत्री असती तर निरोपाची गरज काय होती? पलीकडची सून सहज आली असती, दोर खाली सोडताना वास आला असता, मीच हाक मारली असती. बोलणे नाही म्हणून निरोप बांधून घ्यावा लागला. मुलीने ते पत्रक वाचून दाखवले तेव्हा मला पहिल्याने आठवले ते हेच.

आता यादी किती वर्षे आणि कसल्या कसल्या दिवसांत गेली ते पाहा. १९९८ च्या मेमध्ये दोन्ही देशांनी अणुस्फोट केले, आपण पोखरणला, त्यांनी बलुचिस्तानात. पुढच्या १ जानेवारीला यादी गेली. १९९९ साली कारगिलचे युद्ध झाले, आपले पाचशेहून अधिक जवान पडले. त्याच वर्षअखेरीस आपले विमान पळवून कंदाहारला नेले. ३१ डिसेंबरला प्रवासी सुटले आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी २००० ला, यादी गेली. मी तर म्हणते, ज्या कारकुनाने त्या दिवशी ते पाकीट नेले असेल त्याचे मन कसे झाले असेल! २००१ च्या डिसेंबरात आपल्या संसदेवर हल्ला झाला, फौजा सरहद्दीवर निघाल्या, दूत परत बोलावले. १ जानेवारी २००२ ला यादी गेली. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत काय झाले ते आपण दूरदर्शनवर तीन रात्री पाहिले. पाचच आठवड्यांनी, १ जानेवारी २००९ ला, यादी गेली. आणि २०२५ च्या मेमधल्या त्या चार दिवसांच्या लढाईनंतर, सिंधूच्या पाण्याचा १९६० सालचा करार स्थगित, व्हिसा बंद, अटारीचा रस्ता बंद असताना, १ जानेवारी २०२६ लाही गेली. ती पस्तिसावी वेळ.

आमच्या घरी यावर वाद झाला. मुलीचे वडील म्हणाले, "कागद हो, कागद! लढाईत कागद कोण बघतो? आणि त्यांनी यादीत सगळं खरं लिहिलंय कशावरून?"

दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि करारातही नाही. एकमेकांच्या घरात जाऊन तपासण्याची सोय त्यात ठेवलेलीच नाही. जे लिहून दिले ते घ्यायचे. पहिल्या प्रश्नाचे थोडे उत्तर आहे. मे २०२५ मध्ये अशी आवई उठली की आपल्या विमानांनी पाकिस्तानातल्या किराणा डोंगरावर, म्हणजे जिथे अण्वस्त्रांचे काही आहे असे बोलले जाते तिथे, हल्ला केला. मोबाइलवर तर लोक पेढे वाटायच्या बेतात होते. तेव्हा आपल्या हवाई दलाचे एअर मार्शल ए. के. भारती यांनी पत्रकारांसमोर साफ सांगितले की आम्ही तिथे मारा केलेला नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही पाकिस्तानातल्या कुठल्याही केंद्रातून किरणोत्सर्ग बाहेर पडलेला नाही असे कळवले. हे केवळ कराराच्या कागदामुळे झाले असे मी म्हणणार नाही. ते मला कसे कळणार? पण विजयाच्या भरात असताना "हे मात्र आम्ही केले नाही" असे सांगावेसे वाटले, याला काही अर्थ आहे. त्यानंतर महिन्याभरातच, जून २०२५ मध्ये, इस्राएलने आणि मग अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले. युक्रेनमधले झापोरिझ्झियाचे केंद्र तर रशियाच्या फौजांनी मार्च २०२२ मध्ये लढूनच ताब्यात घेतले. तिथे असा दोघांतला कागद नव्हता. यावरून काय ते ज्याचे त्याने ठरवावे. यांनी अजून ठरवलेले नाही.

चुकीचे काय करायचे, हा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. ९ मार्च २०२२ रोजी आपल्याकडून एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नू नावाच्या गावाजवळ जाऊन पडले. त्यात दारूगोळा नव्हता, माणूस दगावले नाही. नशीब. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने ते जाहीर केले आणि तिसऱ्या दिवशी, ११ तारखेला, आपल्या सरकारने सांगितले की देखभाल चालू असताना बिघाड होऊन हे घडले, आणि खेद व्यक्त केला. पुढे चौकशी होऊन ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना काढून टाकले. क्षेपणास्त्रांची चाचणी आधी कळवण्याचा करार दोघांत २००५ पासून आहे, पण तो ठरवून करायच्या चाचणीचा, आणि तोही बॅलिस्टिक जातीच्या क्षेपणास्त्रांचा. चुकून सुटले तर त्याच घटकेला फोन कोणी कोणाला करायचा, हे त्यात कुठून असणार? पलीकडे कोणी उतावळा अधिकारी बसलेला असता तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

कारण मी ती चूक केलेली आहे. तीन-चार वर्षांपूर्वीची श्रावणातली गोष्ट. पाणी गढूळ झाले होते म्हणून मी पावडर नेहमीपेक्षा जास्त टाकली. तेवढ्यात माहेरून फोन आला, आईला दवाखान्यात नेल्याचा. मी आत धावले आणि निरोप द्यायचा राहिला. पलीकडच्या सुनेने कळशी भरून नेली. त्यांचा नातू तेव्हा दोन वर्षांचा. त्याच्या दुधात ते पाणी पडणार, एवढ्यात तिला वास आला म्हणून बरे. मग कुंपणाशी जो आरडाओरडा झाला तो आळीने ऐकला. "पोराला मारायला निघालात काय?" असे शब्द आले. मी उत्तर दिले नाही. वाईट वाटत होते, पण त्याहून राग येत होता, की इतक्या वर्षांत एकदा चुकले तर एवढे? तीन दिवस गेले. तीन दिवस मला त्या विहिरीवर जाववेना. नळाच्या पाण्यावर भागवले. चौथ्या दिवशी थोरल्या जाऊबाई पाणी काढीत होत्या तेव्हा मी जाऊन म्हटले, "चूक माझी होती. मुद्दाम नव्हती." त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. दोर गुंडाळला, कळशी उचलली आणि गेल्या. मला वाटले, संपले. आता निरोपही बंद होणार.

पुढच्या महिन्यात पावडर टाकायची पाळी त्यांची होती. सकाळी त्यांचा मुलगा कुंपणाशी येऊन ओरडला, "आज औषध टाकलंय!" मी "बरं" म्हटले. आवाज नीट निघाला नाही.

असो. आता दुसऱ्या एका शेजाऱ्यांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती ऐकून मला आपल्या यादीची थोडी लाजही वाटली. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना आणि ब्राझील हे दोन मोठे शेजारी. त्यांचेही जुने हाडवैर. नदीवरच्या धरणावरून भांडण, दोन्हीकडे लष्करी राजवटी, आणि दोघेही गुपचूप अणूच्या मागे लागलेले. धरणाचे भांडण १९७९ साली मिटले. दोन्हीकडे लष्कर जाऊन लोकांचे राज्य आल्यावर १९८५ च्या नोव्हेंबरात अर्जेंटिनाचे अल्फोन्सिन आणि ब्राझीलचे सार्ने भेटले आणि या बाबतीत सहकार्य करायचे असे जाहीर केले. मग अल्फोन्सिन यांनी १९८७ साली सार्ने यांना आपल्या पिल्कानियेऊ येथील कारखान्यात नेले, जिथे युरेनियम शुद्ध करीत. जो कारखाना शेजाऱ्यापासून लपवायचा, तोच पाहुणा म्हणून बोलावून दाखवला! पुढच्या वर्षी सार्ने यांनी त्यांना आपल्याकडचा दाखवला. आणि १९९१ साली दोघांनी मिळून एक कचेरी काढली, ती रिओ द जानेरोला आहे. तिचे काम असे, की ब्राझीलच्या केंद्रांची तपासणी अर्जेंटिनाचे तपासनीस करतात आणि अर्जेंटिनाच्या केंद्रांची ब्राझीलचे. म्हणजे माझ्या कोठारातल्या धान्याची मोजणी जाऊबाईंनी करायची आणि त्यांच्या कोठारातल्याची मी. त्या दोघांपैकी कोणीही बाँब केला नाही.

आपले दोघे त्या वेळेस फार पुढे गेलेले होते. बाँब होऊन बसल्यावर कोठार दाखवणे कठीण. शिवाय त्यांच्यात आपल्यासारखी रक्ताची फाळणी झालेली नव्हती, हेही खरे. म्हणून मी तुलना ताणीत नाही. फक्त एवढे लक्षात आले, की आपली यादी म्हणजे कुंपणावरून दिलेली हाक आहे. दार उघडलेले नाही. बाँब आहेत तिथेच आहेत. यादीने ते एकाने कमी केलेले नाहीत.

आणि आता शेवटचे. त्याच १ जानेवारीला आणखी एक यादी जाते, आणि ती आपल्या किनाऱ्याच्या अधिक जवळची आहे. एकमेकांच्या तुरुंगात असलेल्या कैद्यांची आणि मच्छीमारांची. २००८ साली तसा करार झाला. वर्षातून दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला ती यादी द्यायची. आपल्या जिल्ह्यातले किती खलाशी ओख्याच्या आणि पोरबंदरच्या बोटींवर जातात ते मी तुम्हांला काय सांगू! डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांतले तर हंगाम लागला की पुरुष शोधून सापडत नाहीत. समुद्रात रेघ आखलेली नसते. सर क्रीकच्या खाडीचा वाद अजून मिटलेला नाही. माशांच्या मागे गेले, इंजिन बंद पडले, वाऱ्याने नेले, की तिकडची गस्तीची बोट येते आणि माणूस कराचीच्या तुरुंगात. तिकडचे इकडे येतात, त्यांचेही हेच. १ जानेवारी २०२५ च्या यादीप्रमाणे पाकिस्तानच्या ताब्यात आपले २१७ मच्छीमार होते आणि आपल्याकडे त्यांचे ८१. लढाईनंतर १ जुलैला यादी येईल की नाही याची धाकधूक होती. ती आली. १९३ आणि ८१.

आपल्या शिवणवर्गाला येणारी एक बाई आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. तिचा नवरा असाच गेला. बोटमालकाने दोन-तीन महिने खर्चाला दिले, मग फोन उचलायचा बंद केला. बारक्या मुलाला बाप आठवत नाही, फोटो दाखवावा लागतो. जुलैत ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या मुलीला विचारा ना, आकडा किती आला?" मुलीने सांगितले, आधी २१७ होते, आता १९३. ती बोटांवर मोजीत बसली. चोवीस कमी. मग म्हणाली, "म्हणजे चोवीस आले असतील, नाहीतर त्यातले काही मेले असतील." तिला आम्ही सांगितले की फेब्रुवारीत बावीस जण सुटून वाघ्याच्या रस्त्याने आले होते. ती म्हणाली, "मग दोन?" त्याला आम्ही काय सांगणार होतो? तिच्या लेखी ती यादी म्हणजे राजकारण नव्हे. वर्षातून दोनदा येणारे ते एक पत्र आहे, आणि त्यात फक्त आकडा असतो. नावे वरच्या वर राहतात. ती नावे गावच्या तलाठ्यापर्यंत, नाहीतर निदान मच्छीमार सोसायटीपर्यंत यावीत, असा अर्ज मंडळातर्फे करावा असे मला वाटते. अर्जाचा मसुदा मुलीने लिहिला आहे; चहाच्या वेळी टेबलावर ठेवते. वाचून मगच सही करा. समजून न घेता अंगठा उठवायचे दिवस गेले.

कार्यवाहबाई घड्याळ दाखवीत आहेत. माझी पंधरा मिनिटे केव्हाच झाली. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

एक निरोप राहिला. आमच्या थोरल्या जाऊबाई मागच्या रांगेत, खांबाशी बसल्या आहेत. इथूनच सांगते, म्हणजे पोराला पाठवायला नको. उद्या सकाळी आठला विहिरीत औषध टाकते आहे. नऊपर्यंत पाणी काढू नका.